पेटी सतरा, बटाटा चोविसावा

३ मार्च, मंगळवार

पेटी क्रमांक सतरा. चिठ्ठीवर चोवीस, हातात तेवीस! तीनदा मोजले. सोबत काम करणाऱ्या निवांतरावांना मोजायला लावले, तर त्यांनी वीसपर्यंत मोजून "असतील रे" म्हटले. असतील कसे? नाही म्हणजे नाही. वहीत तेवीस लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले. या वहीतले पहिलेच.

शेडमध्ये सगळे त्यांना बटाटेच म्हणतात. खरे नाव लांबलचक आहे, ते मी पहिल्या पानावर नीट उतरवून ठेवले आहे. समुद्राच्या तळाशी, साडेचार किलोमीटर खोल, चिखलावर हे काळे गोळे नुसते पडलेले असतात. आत निकेल, कोबाल्ट, तांबे. जहाज नमुन्यादाखल थोडे उचलते, एकेक पिशवीत औषधी पाण्यात बुडवून आणते. आम्ही दोघे ते धुतो, वजन करतो, नंबर टाकतो आणि वरच्या मजल्यावर संशोधक मॅडमकडे पाठवतो. निळ्या पट्टीच्या पेट्या समुद्रतळाच्या 'अ' भागाच्या — निवांतरावांकडे. पिवळ्या 'ब' भागाच्या — माझ्याकडे. सतरावी माझी शेवटची. एकूण चारशे सात धुऊन झाले. एक गायब.

निवांतराव बटाट्याला दोन डुबक्या देतात की झाली आंघोळ. मी आधी मऊ ब्रश मारतो, मग खाचाखाचांतून दात घासायचा ब्रश फिरवतो. शेडचे साहेब आज त्यांच्या देखत म्हणाले, "याच्याकडून शिका जरा. आरसा करतो पोरगा, आरसा!"

निवांतराव म्हणाले, "साहेब, मला आता आरशात बघण्यासारखं काही उरलं नाही."

५ मार्च, गुरुवार

मॅडमनी आज एक बटाटा करवतीने कापला आणि मला वर बोलावले. आत झाडाच्या खोडासारखी वलये. आणि मधोमध — दात! शार्कचा. माझ्या करंगळीच्या नखाएवढा.

मॅडम म्हणाल्या, "हा दात पडला तळाला. मग पाण्यातला धातू त्याच्यावर बसत गेला, कणाकणानं. दहा लाख वर्षांत जेमतेम इतका," आणि त्यांनी चिमटीत तांदळाच्या दाण्याएवढे अंतर धरून दाखवले.

मी पट्टी लावून मोजले. गुणाकार केला. चुकला असेल म्हणून पुन्हा केला. मी आठवीत शाळा सोडली, माझ्या गुणाकारावर माझा भरवसा नाही. पण बेरजेनेही तेच आले. तो शार्क मेला तेव्हा माणूसच नव्हता! मोजायला कोणी नव्हते. आणि हे मी परवापर्यंत बादलीत बुडवून घासत होतो, गाणे गुणगुणत!

हात धुवावेसे वाटेनात.

८ मार्च, रविवार

घरी फोन. बाबांचा खोकला आज फोनवर आधी आला, बाबा मागून.

गावाच्या डोंगरावर याच कंपनीची निकेलची खाण. उत्तरेची बाजू खाऊन झाली. बाबांनी एकवीस वर्षे तिथे डंपर चालवला. तिथली माती लाल — ती ओढ्यात उतरते, ओढा समुद्राला मिळतो तिथे पाणीही मैलभर लाल. आता कंपनीने सरकारी समितीपुढे दोन कागद ठेवले आहेत. एक तर समुद्रातला 'ब' भाग उचलायचा, नाही तर डोंगराची पूर्व बाजू उघडायची. पूर्व बाजूला आमचे घर आहे. आत्याचे पण, आमच्या भिंतीला भिंत लावून. समिती वीस तारखेला बसणार.

आत्याने नेहमीप्रमाणे फोन हिसकावला. "काय रे, तुझ्या त्या समुद्राचं कुठवर आलं? उचला म्हणावं पटापटा! तिथं कुणाची चूल आहे? सुरुंग नको, झाड तोडायला नको, कुणाला उठवायला नको. वाकायचं आणि उचलायचं!"

"आत्या, साडेचार किलोमीटर वाकावं लागतं."

"मग वाका! आम्ही नाही का तुमच्या कंपनीपुढं जन्मभर वाकलो?"

ती खरे तेच बोलते. पूर्व उतारावरचे जंगल, ओढा, चाळीस घरे — आणि दुसरीकडे पडीक बटाटे. मला तर यात विचार करण्यासारखे काही दिसत नाही.

९ मार्च, सोमवार

चोविसावा अजून सापडला नाही.

११ मार्च, बुधवार

अक्षर वाकडे येते आहे, पुन्हा लिहिणार नाही.

मॅडमनी शाबासकी द्यायला वर बोलावले होते. मोठ्या भिंगाखाली निवांतरावांचा एक बटाटा ठेवला होता. "बघ, तुमच्या बटाट्यांवर कोण राहतं ते."

मी पाहिले.

काय लिहू? काचेच्या धाग्यावर उभे केलेले एक फूल. फूल नव्हे, प्राणी — स्पंज. काचच आहे ती, मॅडम म्हणाल्या, तो स्वतःच्या अंगातून काच विणतो. त्याच्या बुडाशी केसाएवढी नळी, नळीत किडा. शेजारी पाच हातांचा एक जीव, टाचणीच्या डोक्याएवढा, पाचही हात टेकून बटाट्याला धरून बसलेला. औषधी पाण्यात कधीच मेलेला, तरी धरलेले सोडले नव्हते. तिथे कायमचा अंधार, बर्फासारखे थंड पाणी, डोक्यावर डोंगराएवढा भार. सगळीकडे नुसता मऊ चिखल. घट्ट काही धरायला असेल तर हा बटाटाच. बटाटा म्हणजे त्यांची जमीन!

मी किती वेळ वाकून होतो कोण जाणे. मान धरली.

मग मॅडम म्हणाल्या, "गंमत म्हणजे हे सगळं फक्त 'अ' भागात. 'ब' चे चारशेच्या चारशे बटाटे उघडे. एक जीव नाही! मी तर चक्रावले होते. मग प्रवाहांचा अभ्यास केला. 'ब' मध्ये तळाचा प्रवाह जोरात असणार, जिवांची पिल्लं टिकत नसणार." भिंतीवर मोठा नकाशा होता, निळ्या बाणांचा. सुंदर काढला होता. "म्हणून अहवालात लिहिते आहे — 'ब' उचलायला हरकत नाही."

मी मान डोलावली. जिना उतरलो. मोरीजवळ माझा दात घासायचा ब्रश पालथा ठेवला होता.

पांढरे ठिपके असत. लव असे. खाचेत बारीक दोरे असत. मी त्यांना बुरशी समजत होतो. सूचनेच्या कागदावर 'गाळ पूर्ण काढावा' लिहिले आहे, आणि मी — पूर्ण काढला.

नाही. खात्री नाही. कदाचित प्रवाहच असेल.

१२ मार्च, गुरुवार

सापडला!! रॅक आणि भिंत यांच्या फटीत, पिशवीसकट. सील शाबूत. पिवळी पट्टी. पेटी सतरा, चोविसावा.

१३ मार्च, शुक्रवार

मॅडम सुट्टीवर. दुपारी भिंगाखाली धरला. घासला नाही. नुसता पिशवीतून बशीत सरकवला, तोही श्वास रोखून.

अकरा प्रकारचे जीव. पुन्हा मोजले, अकरा. त्यांतले चार निवांतरावांच्या बटाट्यांवर मी पाहिलेले नाहीत. एक तर जाळीदार, चेंडूसारखा, वाटाण्याएवढा, आणि त्याच्या आत दुसरे कोणी तरी घर करून राहिलेले. घरात भाडेकरू!

माझ्या आयुष्यात मी इतके सुंदर काही पाहिले नाही. मग वही उघडून घासलेल्यांचा आकडा पाहिला.

चारशे सात.

निवांतराव मागे येऊन उभे होते. त्यांनी बशीकडे पाहिले, मग माझ्या ब्रशकडे. बोलले एवढेच, "आळशी माणसाचे उपकार कोणी मानत नाही बघ." मग माझा चेहरा पाहून खांद्यावर हात ठेवला. "मी काही पाहिलं नाही. चष्मा घरी राहिलाय." चष्मा त्यांच्या नाकावर होता.

१५ मार्च, रविवार

बाबांना सांगायचे नव्हते. हवा, पाणी, टँकर वेळेवर येतो का — असेच विचारत बसलो.

"किती रिव्हर्स घेशील? गाडी लाव आता," बाबा म्हणाले.

सांगितले. सगळे. पलीकडे नुसता श्वास, शिट्टीसारखा.

मग ते म्हणाले, "खाण यायच्या आधी मोजणीवाले आले होते. तू तेव्हा रांगत होतास. मला विचारलं, उत्तरेच्या अंगाला झरा आहे म्हणतात, बारमाही आहे का? मी लहानपणापासून त्याच झऱ्याचं पाणी प्यालेलो. म्हटलं, नाही, उन्हाळ्यात आटतो. त्यांनी लिहून घेतलं. महिन्याभरानं मला डंपर मिळाला."

"आटायचा का?"

"कधीच नाही."

एवढ्यात आत्या. "काय रे, दोघं दातखीळ बसल्यासारखे का गप्प?" बाबांनी तिला थोडक्यात सांगितले. फोनमधून ऐकू येत होते — किडे, बटाटे, ब्रश. मग ती फोनवर आली. ओरडली नाही. आत्या ओरडत नाही तेव्हा मला भीती वाटते.

"हे बघ, तो किडा मेला तर त्याला कळायचं नाही. मला कळेल. मी भिंतीपलीकडच्या घरात लग्न होऊन आले, त्याच घरात विधवा झाले. तू गप्प राहिलास तर कुणाचं काही अडणार नाही."

मी बाबांना विचारले, मी काय करू?

"मी नाही सांगणार. मी एकदा सांगून बसलोय."

१६ मार्च, सोमवार

कामावर गेलो. लेबले लिहिली. एकही चूक नाही. संध्याकाळी तशीच निघून आलो.

१७ मार्च, मंगळवार

सांगितले.

चोविसावा बशीत, ब्रश रुमालात. मॅडमच्या टेबलावर दोन्ही ठेवले. त्यांनी भिंगात पाहिले, ब्रश उचलून पाहिला, त्याचे झिजलेले केस बोटाने मागेपुढे केले. मग उठून भिंतीवरचा नकाशा काढला आणि गुंडाळी केली. त्या निळ्या बाणांचे मला फार वाईट वाटले.

"इतकं चांगलं काम या शेडमध्ये कुणी केलं नाही," त्या म्हणाल्या. "तीच पंचाईत झाली."

मी म्हटले, "मॅडम, 'ब' सुटला तर डोंगराची पूर्व बाजू जाईल."

"माहीत आहे."

"तिथे माझं घर आहे."

त्या खाली बसल्या. मी विचारले, खरे सांगा, यातले वाईट कोणते? त्यांनी कपाटातून एक फोटो काढला. समुद्राच्या तळावर यंत्राच्या चाकांचे दोन चर, कडा इतक्या ताज्या की यंत्र आत्ताच फोटोबाहेर गेले असावे. "सव्वीस वर्षांपूर्वीचे आहेत," त्या म्हणाल्या. "खाली काही भरून येत नाही. डोंगरावर निदान पुन्हा झाड लावता येतं."

"आमच्याकडे लावली होती. लाल मातीत जगली नाहीत."

"हो का?" त्यांनी ते वहीत लिहून घेतले. माझे वाक्य! मग म्हणाल्या, "मला खरंच माहीत नाही रे. गाडीच्या बॅटरीत गेलं की निकेल डोंगरातलं की समुद्रातलं, कुणाला कळतं? जुन्या बॅटऱ्या वितळवून किती निघेल ते बघा, म्हटलं, तर समिती म्हणते, तो आजचा विषय नाही. मी इतकंच करू शकते, की खाली कुणी राहत नाही असं खोटं लिहायचं नाही."

साहेबांनी मला धुण्यावरून काढले. आता फक्त लेबले. आरशाबद्दल काही बोलले नाहीत.

२० मार्च, शुक्रवार

समितीने 'ब' भाग थांबवला. पुन्हा नमुने, पुन्हा मोजणी, दोन वर्षे तरी. डोंगराच्या कागदावर सही झाली.

निवांतरावांनी चहा आणून दिला. साखर विसरले होते. मी प्यालो.

घरी फोन केला. आत्याने उचलला आणि माझा आवाज ऐकून ठेवला.

२३ मार्च, सोमवार

चोविसावा आता काचेच्या बरणीत आहे, मॅडमच्या खिडकीशी. जेवणाच्या सुट्टीत जाऊन बघतो. त्या जाळीदार चेंडूला अजून कोणत्याच पुस्तकात नाव नाही. मॅडमनी सगळी पुस्तके पालथी घातली. जगात कोणीच त्याला पाहिलेले नाही, आम्ही तिघे सोडून. आणि असे किती मी मोरीतून सोडले, ते आता कोणी सांगू शकणार नाही.

रोज वाटते, आज सवय होईल. होत नाही.

२ एप्रिल, गुरुवार

बाबांचा फोन. खाणीच्या मोजणीच्या लाल झेंड्या लागल्या, एक आमच्या अंगणात. आत्याने भांडी बांधायला घेतली आहेत, आणि "त्या मेल्या किड्याला एकदा बघतेच" म्हणते आहे. रविवारी दोघे माझ्याकडे येतात, कायमचे.

भिंग पुसून ठेवले. बटाट्याला हात लावला नाही.