अरबाबचा नवा क्रॉसबो

शुक्रवार संध्याकाळ, उम्म अल कुवैन

अरबाब, म्हणजे आमचा मालक, हरणाच्या शिकारीला परदेशी निघालाय. दरवर्षी सोबत मी जातो. यंदा परवा आलेला ड्रायव्हर सदानंद जाणार.

आज अंगणात लपायचा तंबू लावून पाहिला. मी निवडलेला क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखं धरायचं आडवं धनुष्य, रुंद निघाला, टोकं कापडाला अडली. सदानंद हसला, "काका, तंबूत अरुंदच लागतो." अरबाब त्याला हबीबी, म्हणजे लाडक्या, म्हणाला. मला इतक्या वर्षांत कधी म्हणाला? मला खोकला आहे, हरीण पळेल, कबूल. पण हबीबी?

वर म्हणतो, "चाचा, इसको सब सिखाओ."

शिकवीन. पण वारा पाठीवर घेऊन बसलं की हरणाला माणसाचा वास लागतो, तेवढं सांगणार नाही. अरबाब रिकाम्या हातानं परतेल. परतू दे.