पाच बाय साडेसहाची गादी

आई,

तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. मी जन्मल्यापासून तू जाईपर्यंत आपण एकाच खोलीत झोपलो, मग लिहायचं काय आणि कुठून? आज लिहायला बसले आहे ते एका गादीमुळे. परवा मी नवी गादी घेतली आणि त्या दुकानात जे झालं ते सांगायला मला दुसरं कोणी सुचेना. ऑफिसातल्या मुली आहेत, पण त्या हसतील, नाहीतर कीव करतील. तू दोन्ही केलं असतंस, पण घरात.

तू गेलीस त्यानंतर मी वाघोलीला फ्लॅट घेतला, हे तुला माहीत नाही. "वाघोली? तिथे माणसं राहायला जातात?" असं तू विचारलं असतंस. नदी ओलांडली की तुझं पुणं संपायचं. पण माझं ऑफिस आता नगर रस्त्याच्या बाजूलाच आहे आणि कसब्यातल्या त्या दोन खोल्या भाड्याच्याच होत्या. इथे नववा मजला आहे, लिफ्ट आहे, आणि खाली वॉचमन मला मॅडम म्हणतो. घेण्याआधी बिल्डरने सजवलेला नमुन्याचा फ्लॅट दाखवला होता. त्यातली बेडरूम कशी ऐसपैस वाटली होती! मागून कळलं की त्या खोलीत पलंग मुद्दाम आखूड करून ठेवतात, म्हणजे बघणाऱ्याला खोली मोठी वाटते. तू बरोबर असतीस तर पर्समधून टेप काढून तिथल्या तिथे त्यांची अब्रू काढली असतीस. शाळेत शिवण शिकवणारी बाई तू, टेपशिवाय तू देवळातसुद्धा जात नव्हतीस.

तुझा तो टेप माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात तोच घेऊन बेडरूम मोजली. दहा बाय अकरा. एका भिंतीला कपाट, त्याचं दार उघडायला दोन फूट सोडायचे, खिडकीच्या बाजूने केर काढता यावा म्हणून दीड फूट. तू सांगायचीस की कापड बेतताना अंगाचं माप घ्यायचं तसं हालचालीचंही घ्यायचं, नाहीतर हात वर केला की काखेत उसवतं. खोलीचंही तसंच आहे. शेजारच्या टेबलावर बसणारी मुलगी मला म्हणाली, "मॅम, सरळ किंग साइझ घ्या ना, यू डिझर्व्ह इट!" मी म्हटलं, "माझी लायकी आहे गं, खोलीची नाही." ती हसली आणि हेडफोन लावून परत कामाला लागली. मी मात्र दिवसभर तेच मनात घोळवत होते. एकट्या बाईने केवढी गादी घ्यायची? तीन फुटी पुरते. पण तीन फुटी गादी म्हणजे वसतिगृहातली किंवा दवाखान्यातली, आणि पन्नाशी उलटल्यावर स्वतःच्या घरात दवाखान्यात असल्यासारखं झोपायचं माझ्या जिवावर आलं.

तुझी पहिली मोठी गादी आठवते? मी तेव्हा डेक्कनवरच्या त्या छोट्या कंपनीत नुकतीच लागले होते, जिथे खोलीला एसी होता तो आमच्यासाठी नव्हे, कॉम्प्युटरसाठी. पिंपरीच्या कारखान्यातल्या एका इंजिनियरचं स्थळ आलं होतं. नुसती बोलणी चालली होती, पण मुलीला लग्नात गादी-उशा द्यायच्या म्हणून तू लगेच तयारीला लागलीस, आणि आता लोक डबलबेड घेतात म्हणून गादीही तशीच हवी. आपण दोघी फर्निचरच्या दुकानात उभ्या आहोत. तू वाकून पलंगाला टेप लावतेस, आडवा, उभा, परत आडवा. दुकानदार बराच वेळ बघतो आणि म्हणतो, "बाई, पलंग घ्यायचाय की त्याला ब्लाउज शिवायचाय?" तू मान वर न करता म्हणतेस, "पलंग राहू द्या तुमच्याकडे. आम्ही मापं तेवढी नेतोय." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालंय.

मग पिंजारी आला. गच्चीवर दोन दिवस कापूस पिंजला गेला आणि सहा फुटांची गादी तयार झाली. चौघांनी धरून ती खाली आणली आणि तू म्हणालीस, एकदा घालून तर बघू. आपली खोली दहा बाय नऊ, त्यातच कपाट, ट्रंका आणि तुझं शिवणयंत्र! गादी घातली आणि दार बंद झालं ते उघडेचना, कारण दार आत उघडणारं. बाहेर शेजारच्या काकू आमटीची वाटी घेऊन उभ्या. "अहो, कोंडून घेतलंत की काय स्वतःला?" तू आतून ओरडून सांगितलंस, "मुलीच्या संसाराची तालीम चाललीये!" बाबा गेल्यानंतर तू इतकी हसलेली मी पाहिली नव्हती. आपण दोघी त्या कोऱ्या गादीवर बसून पोट धरून हसत होतो आणि ती वजनदार गादी दुमडायचं काही केल्या जमत नव्हतं.

ते स्थळ मी नाकारलं. मुलाचे वडील म्हणाले, हे कॉम्प्युटरचं खूळ काही फार दिवस टिकायचं नाही, तेव्हा लग्नानंतर नोकरी सोडलेली बरी. त्या नकाराचं मला आजही काही वाटत नाही. त्यानंतर आलेल्यांपैकी काहींना मी नाही म्हटलं, काहींनी मला, आणि मग कोणी येईनासं झालं. गादी माळ्यावर गेली. दर उन्हाळ्यात तू ती खाली काढून गच्चीवर ऊन दाखवायचीस आणि मला हात लावायला बोलवायचीस. मी अमेरिकेच्या वेळेनुसार कामं करत होते, आठ-दहा दिवसांसाठी परदेशी जाऊन येत होते, तिथून फोन करत होते, तुझ्यासाठी मिक्सर आणत होते, फ्रिज आणत होते, आणि ती गादी आपली वर्षातून एकदा ऊन खाऊन परत वर जात होती.

माझी चाळिशी जवळ आली तेव्हा एका शनिवारी मी घरी आले तर तू पिंजाऱ्याला बोलावून ठेवलेलं. हातात कात्री घेऊन तू स्वतः टाके उसवत होतीस. मी म्हटलं, "अगं, मला विचारायचं तरी!" तू म्हणालीस, "काय विचारायचं? माळ्यावर उंदरांची सोय झालीये नुसती. माणसं झोपतील तर खरं." त्या एका गादीच्या तू दोन केल्यास. एक माझ्या बाजूला घातलीस, एक तुझ्या. ही तुझी, ही माझी, म्हणालीस आणि चहा टाकायला गेलीस. मला ते फार लागलं, आई. इतके दिवस लग्नाचा विषय काढू नकोस म्हणून मीच तुझ्यावर डाफरत होते, पण त्या दिवशी वाटलं की तू माझी आशा सोडलीस. आणि मग कधी कधी असंही वाटलं की तू मला मोकळं केलंस. दोन्हींतलं कुठलं खरं ते मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. त्या दोन गाद्या शेजारी घातल्या की ती जुनीच मोठी गादी व्हायची, मध्ये फक्त एक फट. त्या फटीत तुझी जपमाळ जायची, माझा चष्मा जायचा, आणि रोज सकाळी आपण शोधत बसायचो.

तू गेलीस तेव्हा रिवाजाप्रमाणे तुझं अंथरूण मावशीने देऊन टाकायला लावलं. माझी अर्धी उरली. त्या अर्धीवर मी इतकी वर्षं काढली, इथे वाघोलीतही. आता तिचे गोळे झाले, माझी कंबर धरली, आणि डॉक्टरांनी आधी गादी बदला म्हणून सांगितलं. म्हणून परवा दुकानात गेले.

तुला ठाऊक आहे, एकटेपणाबद्दल कोणी विचारलं तर मी गप्प बसत नाही. इथे राहायला आले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "मिस्टर कुठे असतात?" मी म्हटलं, "अजून बाजारात आलेले नाहीत." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दुकानातला मुलगा मात्र भला होता, विदर्भाकडचा असावा. "झोपून पाहा ना मॅडम, पैसे थोडीच लागते त्याले," म्हणाला. मी चपला काढून गादीवर बसले. तो सिंगल, क्वीन, किंग अशी मापं सांगत होता आणि सांगता सांगता त्याने सहज विचारलं, "सायबांची हाइट किती?"

मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "पाच दहा."

"मग साडेसहा फुटी घ्या, पाय बाहेर नाही येणार. कूस बदलतात का फार?" मी म्हटलं, हो, फार. "वजन?" बेताचं. "कंबरेचा त्रास हाय का कोणाले?" मी म्हटलं, आहे, त्यांना. माझी कंबर मी त्यांना देऊन टाकली! त्याने कडक गादी दाखवली, मी हात दाबून बघितला आणि म्हटलं, इतकी कडक त्यांना चालायची नाही. आयुष्यात मी कोणाला "त्यांना" म्हटलं नव्हतं, आई. किती सहज आलं ते तोंडात. पाच बाय साडेसहा ठरली. खोलीत बसते, कपाटाचं दार उघडतं, केर निघतो. मापात काही चुकलेलं नाही, तू येऊन टेप लावलास तरी.

काल गादी आली. चादर घातली आहे, चांगली दिसते. खोटं बोलल्याची लाज वाटेल म्हणून मी वाट पाहिली, ती काही वाटली नाही. उलट दुकानातला तो वेळ फार बरा गेला होता आणि घरी येताना रिक्षात मी एकटी नव्हते असं वाटत होतं. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, इथेच उशीखाली राहील. तू असतीस तर हे सगळं ऐकून आधी एवढंच विचारलं असतंस, "बरं, करतो काय तो?" ते मी ठरवलं नव्हतं गं. दुपारपासून तेच ठरवत बसले आहे.