सगळ्यांचं नाव रंगनाथ

१ जानेवारी, गुरुवार
संकल्प. आजपासून ही रोजनिशी जर्मनमध्ये लिहायची. आज नको, आज उपवास आहे. रिकाम्या पोटी परकी भाषा झेपत नाही. सोमवारपासून.
दुसरा संकल्प: पाटी बदलायची. ‘रंगनाथ जर्मन क्लासेस, पूर्णा’ आणि त्याखाली लाल अक्षरांत ‘बिनधास्त बोला’. तिकडं जर्मनीत नर्स मिळत नाहीत, इलेक्ट्रिशियन मिळत नाहीत. इकडं दोन्ही भरपूर. मधे फक्त भाषा आहे, आणि भाषेच्या मधे मी.

५ जानेवारी, सोमवार
नवीन बॅच सुरू. बारा जण. माझी पद्धत सोपी आहे. मी म्हणायचं, मग सगळ्यांनी मिळून म्हणायचं. शाळेत पाढे असेच पाठ झाले, मेल्याशिवाय विसरणार नाहीत.
आजचा पाठ: ‘इश हाइसे रंगनाथ. इश कोमे आउस पूर्णा. इश बिन लेरर.’ माझं नाव रंगनाथ, मी पूर्ण्याचा, मी शिक्षक. काय आवाज लागला पोरांचा. खालचे माणिकराव मेडिकलवाले जिना चढून वर आले. गिऱ्हाईक खोकल्याचं मागायलंय का जुलाबाचं, ऐकूच येईना म्हणाले. याला कॉन्फिडन्स म्हणतात.
धम्मशीला नावाची मुलगी आहे. नर्स. तिनं हात वर करून विचारलं, रंगनाथच्या जागी आपापलं नाव घालायचं का. मी म्हणालो, आधी वाक्य पक्कं होऊ दे, नावाचं नंतर बघू. घाई केली की पाया कच्चा राहतो.
रोजनिशी जर्मनमध्ये: पुढच्या सोमवारपासून.

९ जानेवारी, शुक्रवार
इथली माणसं जर्मनीला नेणाऱ्या कंपनीची मेल आली. २७ तारखेला दुपारी अडीचला व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू. घेणार फ्राउ केलर नावाच्या बाई, थेट जर्मनीहून. नर्स आणि इलेक्ट्रिशियन, दोन्हींची निवड यंदा ही एकदाच.
वर्गात सांगितलं. क्लास सुटल्यावर धम्मशीला थांबली. क्लाससाठी तिनं दवाखान्यातली नोकरी सोडली आहे, हे मला आज कळलं. म्हणाली, ‘‘तिथं परत घेणार न्हाईत मला, सर. घरी अजून सांगितलं बी न्हाई. ह्यात झालं तर झालं.’’ मी तिला धीर दिला. माझ्या हाताखालून गेलेला विद्यार्थी अडखळत नाही म्हणालो.
मेलची शेवटची ओळ मात्र विचित्र आहे. बाईंना आधी शिक्षकाशी पाच मिनिटं बोलायचंय. जर्मनमध्ये. ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग पाणी प्यायलो.

१४ जानेवारी, संक्रांत
आरशापुढं सराव. माझं जर्मन उत्तम आहे. पुण्याला दोन लेव्हल केल्यात, सर्टिफिकेट फ्रेम करून क्लासमध्ये लावलंय. आता प्रत्यक्ष जर्मन माणसाशी बोलायचा योग अजून आला नाही, पण तो दोष माझा नाही. पूर्ण्यात जर्मन माणूस उतरतच नाही.
तीन वाक्यं घडाघडा म्हटली. सविता दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, ‘‘अहो, आणि त्या बाईनं मधीच दुसरं काही विचारलं तर?’’
बायकोनं सणासुदीला असं बोलू नये. तिळगूळ जास्त झाल्यानं घसा खवखवतोय.

१९ जानेवारी, सोमवार
संध्याकाळी स्टेशनवर गेलो होतो, पार्सल सोडवायला. बाकावर धम्मशीला आणि हरिओम. हरिओम आपला इलेक्ट्रिशियन, गंगाखेडहून गाडीनं येतो. दोघं जर्मन बोलत होते. आपसात! चहा गरम आहे, गाडी लेट आहे, त्या आजीचं गाठोडं जड आहे, असलं काहीबाही. दर वाक्यात चूक. शब्द सापडला नाही की हातानं दाखवत होते आणि हसत होते. मी चहाच्या स्टॉलमागं उभा राहून ऐकलं. काही शब्द मला नवीन वाटले, म्हणजे ते चुकीचेच असणार.
दुसरा कुणी असता तर दुर्लक्ष केलं असतं. मी तिथंच त्यांना गाठलं आणि सांगितलं, चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. हरिओमनं मान खाली घातली. धम्मशीलानं घातली नाही.
‘‘सर, समद्यायसंगं म्हणताना मला माझाच आवाज ऐकू येत न्हाई,’’ म्हणाली. ‘‘वर्गात एकदा एकटीला बोलू द्या की. चुकलं तर तुमी हाव ना.’’
सव्वीस तारखेला बघू म्हणालो. सव्वीसला सुट्टी असते हे नंतर लक्षात आलं.
खरं सांगायचं तर भीती वाटली. ती एकटी बोलली की मला उलट काहीतरी विचारणार, आणि मग मलाही बोलावं लागणार. म्हणजे भीती तिच्यासाठीच. पोरीचा कॉन्फिडन्स जायला नको.

२४ जानेवारी, शनिवार
योजना पक्की. घसा बसलेला असणार. मफलर कपाटातून काढला. माणिकरावांकडून खोकल्याच्या गोळ्या आणल्या. ‘‘आवाज तर खणखणीत हाय की सर,’’ म्हणाले. खबरदारी म्हणून घेतोय असं सांगितलं.
पोरांकडून तीन वाक्यांची उजळणी जोरात. एका अक्षराचा फरक नाही. डोळे मिटून ऐकलं तर वाटावं एकच माणूस बोलतोय.
रात्री जेवण गेलं नाही.

२७ जानेवारी, मंगळवार, सकाळ
घसा खरोखरच बसल्यासारखा वाटतोय. देव आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा
फ्राउ केलर वेळेवर आल्या. पांढरे केस, मागं खिडकीत बर्फ. मी मफलरकडं बोट दाखवलं, त्यांनी समजून मान हलवली. शिक्षकाचं शेवटी बघू, आधी मुलं, असं काहीतरी म्हणाल्या. मला इतकं हलकं वाटलं की मी हसलो.
पहिला हरिओम. बाईंनी नाव विचारलं. हरिओम उभा राहिला, आणि सवयीनं मागचे सगळेच उभे राहिले. बाराच्या बारा जण एका सुरात ओरडले, ‘‘इश हाइसे रंगनाथ.’’ माझं नाव, माझं गाव, माझा धंदा, सगळं.
बाई हसल्या. मग त्यांनी मागच्या रांगेतल्या राजेश्रीला एकटीला विचारलं. तीही रंगनाथच निघाली. तिच्यानंतरचाही. मग बाई हसायच्या थांबल्या. चष्मा काढला, पुसला आणि काहीतरी लिहून घेतलं. बारा रंगनाथ, बारा शिक्षक, नर्स एकही नाही. मी धम्मशीलाकडं बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.
बाईंनी मला जवळ बोलावलं. रागावल्या नव्हत्या, तेच वाईट. हळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं, तुमचं नाव काय.
एवढंच. माझंच नाव, माझंच वाक्य. मी तोंड उघडलं. मफलर काढला. आवाज आला नाही. ढोंग नव्हतं हो, खरंच आला नाही.
मग मागून बाराही जण हळूच म्हणाले, ‘‘इश हाइसे रंगनाथ.’’ या वेळी ते माझ्यासाठी म्हणाले. जमीन दुभंगली तर बरं, असं मला पहिल्यांदाच वाटलं.
धम्मशीला न बोलावता पुढं आली आणि खुर्चीत बसली. स्वतःचं नाव सांगितलं. मी नर्स आहे म्हणाली. मग बाईंना सांगितलं, की आम्ही नेहमी एकत्र म्हणतो, म्हणून असं झालं, आम्हाला सगळं येतं, एकेकाला परत विचारा. चुका होत्या. शब्द सापडेना तेव्हा हातानं दाखवलं. बाई खुर्ची पुढं ओढून ऐकायला लागल्या. पेशंट पलंगावरून पडला तर काय करता, जेवत नसेल तर काय करता, असं विचारत गेल्या. ती सांगत गेली. मला अर्धंअधिक कळलं.
कॉल बंद झाल्यावर ती माझ्याजवळ आली. ‘‘बाई म्हणल्या, सरला गरम पाणी द्या,’’ म्हणाली.

३१ जानेवारी, शनिवार
निकाल. धम्मशीला पास. हरिओमला इलेक्ट्रिशियनच्या यादीत घेतलं. बाकीच्यांची बाईंनी मार्चमध्ये परत परीक्षा ठेवलीय, खास धम्मशीलानं मागितली म्हणून. अट एकच: तिचा व्हिसा येईपर्यंत वर्ग तिनं घ्यायचा.
जिन्यात उभा राहून डोळे पुसले. आनंदानं. व्यवस्थापन माझ्याकडंच राहणार आहे. कुलूप, किल्ली, पाटी.

२ फेब्रुवारी, सोमवार
निरीक्षण करण्यासाठी शेवटच्या बाकावर बसलो.
ती एकेकाला उभं करते. एकट्याला. दुसऱ्यांनी मधे बोलायचं नाही. राजेश्री आज राजेश्री होती. चुकली, हसली, परत म्हणाली. माणिकराव जिन्यापर्यंत येऊन गेले. आज एवढं शांत का, म्हणून.
ओळीनं करत करत ती शेवटच्या बाकापाशी आली. ‘‘सर, आता तुमी.’’
कुणी हसलं नाही. सगळे मागं वळून वाट बघत राहिले, त्यामुळं जास्तच जड गेलं. मी गळ्याला हात लावला.
‘‘असू द्या,’’ म्हणाली. ‘‘उद्या विचारते.’’
घरी आल्या आल्या सविताला विचारलं, मफलर कुठंय. धुवायला टाकलाय म्हणाली. उद्यापर्यंत काही वाळत नाही.