आठ बाय सहाची रणभूमी

रविवार, १ फेब्रुवारी
आज पुन्हा हरलो. मेहुण्याकडून. तीन वर्षांत एकदाही जिंकलेलो नाही, पण त्यात त्याचं कर्तृत्व शून्य. बायकोचा हा धाकटा भाऊ दुचाकींच्या शोरूममध्ये हिशेब तपासतो. त्याला युद्धशास्त्र काय कळणार!

कारण आज सापडलं. जागा! आमचं जेवणाचं टेबल पाच बाय तीन. रणभूमीला लागते सहा बाय चार. वर प्लायवूड टाकून ती कशीबशी जमवतो, पण बाकीचं सामान? फासे स्टुलावर, टेप खिशात, कार्डं मांडीखाली, नियमांचं पुस्तक मांडीवर. मेलेले सैनिक साबणाच्या डबीत. आज ऐन हल्ल्याच्या वेळी फासा सोफ्याखाली गेला. तो काढायला मी वाकलो आणि नियमांचं पुस्तक माझ्याच तोफखान्यावर पडलं. या परिस्थितीत कोण जिंकेल?

बायको याला बाहुल्यांचा खेळ म्हणते. बोटभर उंचीचे सैनिक, एकेकाच्या मिशा मी स्वतः रंगवलेल्या, टेपने मोजून पुढे सरकवायचे, फासे टाकून लढाईचा निकाल लावायचा. यात बाहुली कुठे आली? पण तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी
ऑफिस. विम्याचे क्लेम तपासले. एकाची गाडी भिंतीला धडकली. म्हणे भिंत पुढे आली होती. फेटाळला. कारणं सांगणाऱ्या माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे.

जेवणाच्या सुट्टीत टेबलाचं चित्र काढलं. मधे सहा बाय चारची रणभूमी, चारी बाजूंनी फूटभर रुंद फळी. फळीवर फाशांचा ट्रे, कार्डं, टोकन, चहाचे कप, मृतांसाठी स्वतंत्र दालन. एकूण आठ बाय सहा. इतकी साधी गोष्ट आजवर कुणाच्या डोक्यात आली नाही, याचं आश्चर्य वाटत नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी
सुताराला बोलावलं. बडबड्या माणूस. चित्र उलटं धरून विचारतो, पलंग का साहेब? मग म्हणे लग्नात जेवणाला मांडतात तसलं का? मी फक्त मापं वाचून दाखवली. अशा लोकांना उद्देश सांगू नये, माप सांगावं.

बायको म्हणाली, हॉल दहा बाय बाराचा आहे, माणसांनी कुठून चालायचं? मी म्हटलं, कडेने. ती म्हणाली, जेवायचं कुठे? मी म्हटलं, हा तपशील आहे. कपाळावर आठ्या घालून आत गेली. पटलं असावं.

शनिवार, १४ फेब्रुवारी
टेबल आलं. काय रुबाब आहे! कडेला लाकडी पट्टी, वर हिरवं फेल्टचं कापड. सोफा उभा करून भिंतीला टेकवला. जेवणाचं टेबल गॅलरीत. आम्ही पलंगावर ताटं घेऊन जेवलो. बायकोने आमटी चादरीवर सांडली, मुद्दाम. टीव्ही दिसत नाही, पण त्यात बघण्यासारखं असतं काय?

उद्या मेहुण्याचा फडशा.

रविवार, १५ फेब्रुवारी
हरलो. किरकोळ तांत्रिक अडचण. टेबल सहा फूट रुंद झाल्याने हात मधोमध पोचत नाही. ओणवा होऊन घोडदळ पुढे सरकवत असताना पोटाखाली माझं उजवं पायदळ सपाट झालं. नियमात पोटाने मेलेल्यांची तरतूद नाही. मेहुणा म्हणाला, दाजी, उभे करा पुन्हा, मी काही बोलणार नाही. दया दाखवतो! मला! मी ते सगळे मृतांच्या दालनात टाकले.

मृतांचं दालन मात्र उत्तम चाललं. पूर्ण भरलं.

बुधवार, १८ फेब्रुवारी
सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. ते झालं की आठ मार्चला संध्याकाळी ते महिनाभरासाठी आमच्याकडे येणार. एरवी ते मेहुण्याकडे राहतात, पण त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आमच्याकडे त्यांचा पलंग हॉलमध्येच लावावा लागेल, कारण बाथरूम तिथून जवळ. बायको म्हणाली, टेबल काढा. मी म्हटलं, मेहुण्याला एकदा हरवू दे, त्याच दिवशी कापून टाक. तिने दोनदा विचारलं, शब्द देता? दिला. म्हणाली, आणि नाही जिंकलात तर माझ्या बापाने कुठे झोपायचं? मी म्हटलं, प्रश्नच येत नाही, या रविवारीच जिंकतो. उगाच डोळ्यांत पाणी कशाला?

मग ती बराच वेळ भावाशी फोनवर बोलत होती. दार लावून. बहीणभावंडांना एकमेकांत काय एवढं बोलायला असतं, कोण जाणे.

रविवार, २२ फेब्रुवारी
हात न पोचण्यावर तोडगा: फरशी पुसायचा वायपर. लांब दांडा, रबरी पट्टी, पलटण एका दमात पुढे. शोध लावण्याची वृत्ती असावी लागते.

मेहुणा आज अतिशय गचाळ खेळला. तोफा माझ्याकडे पाठ करून मांडल्या. सेनापती एकटाच पुलावर उभा केला. असला प्रतिस्पर्धी मिळणं हा माझा अपमान आहे. मी त्याच्या सेनापतीवर झडप घालायला वायपर ढकलला, तो जास्त ढकलला गेला आणि माझे बावीस घोडेस्वार थेट पलीकडच्या काठावरून खाली. एकाची मान गेली.

हरलो. वायपरचं रबर निकृष्ट. मेहुण्याचा चेहरा मात्र पडला होता. जिंकून तोंड पाडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. जाताना दारात तो आणि बायको काहीतरी कुजबुजत होते.

गुरुवार, २६ फेब्रुवारी
बायको रोज विचारते, तयारी झाली का? अखेर तिला माझ्या छंदाची किंमत कळू लागली.

रविवार, १ मार्च
हरलो. पण आजची लढाई मीच जिंकली होती, हे लिहून ठेवतो. मेहुण्याने अर्धं सैन्य दलदलीत नेऊन रुतवलं. मग चहा प्यायला आत गेला आणि जाताना म्हणाला, दाजी, माझीही खेळी तुम्हीच खेळा. शिस्त म्हणून काही नाही! मी त्याची खेळी प्रामाणिकपणे खेळलो. दुर्दैवाने ती फार चांगली खेळली गेली.

त्यात माझं राखीव दल फळीवर नियमांच्या पुस्तकामागे उभं होतं, ते शेवटपर्यंत दिसलंच नाही. जागा इतकी झाली आहे की सामान हरवतं. फळीला कप्पे हवेत.

बायकोने संध्याकाळी भांडी जरा जोरात आपटली. मेहुण्याने जाताना माझ्याकडे बघून हात जोडले. उपरोध असावा. असल्या माणसाच्या उपरोधाची मी पर्वा करत नाही.

रविवार, ८ मार्च
जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

सविस्तर लिहितो. मेहुण्याने तोफा आणल्याच नाहीत, घरी विसरला म्हणे. सेनापती माझ्या तोफेच्या तोंडासमोर आणून ठेवला. मी फासा टाकला आणि तो थांबायच्या आत मेहुण्याने टाळ्या वाजवल्या. दडपणाखाली माणूस कसा कोसळतो, याचा उत्कृष्ट नमुना. त्याने मला मिठी मारली. बायकोनेही डोळे पुसले. मला क्षणभर फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात दारात सुतार, करवतीसह. इतका तत्पर कारागीर दुसरा पाहिला नाही. बायकोने सासऱ्यांची गादी सकाळीच गॅलरीत उन्हाला टाकली होती. तिचा माझ्यावर एवढा विश्वास असेल असं वाटलं नव्हतं. शब्द पाळला. टेबल कापलं. जाऊ दे, विजेत्याला टेबलाची गरज नसते.

संध्याकाळी सासरे आले. मेहुण्याने त्यांना धरून आणलं, पलंगावर निजवलं.

सोमवार, ९ मार्च
ऑफिसातून आल्यावर सासऱ्यांना कालची लढाई समजावून सांगितली. उशीवर डोंगर, पांघरुणावर दलदल. त्यांना उठून जाता येत नाही, त्यामुळे पहिल्यांदाच कुणीतरी पूर्ण ऐकलं. विजयाचा क्षण दुसऱ्यांदा सांगत होतो तेव्हा ते म्हणाले, जावईबापू, पुरे आता. माझ्या पलंगाला जागा व्हावी म्हणून पोरगा हरला, झालं.

मी म्हटलं, हरायचंच असतं तर आधीच्या दोन रविवारी नसता हरला?

ते म्हणाले, तेव्हाही हरायलाच आला होता. तुम्ही हरू दिलं नाहीत. घरी येऊन डोकं धरून बसायचा. म्हणायचा, बाबा, सगळं करून बघितलं, दाजींकडून हरणं फार अवघड आहे हो.

लाज वाटली. कारण एकही सुचलं नाही. सासऱ्यांनी पाणी मागितलं. आणून दिलं.