डावी पापणी

प्रिय ठेंगू,

मंगळवारी सकाळी निळ्या फायलींच्या गठ्ठ्यात तुझं नाव दिसलं, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. ती फाईल उघडायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. हॉस्पिटलच्या दफ्तरखोलीत माझं काम फायली लावायचं, वाचायचं नाही. दफ्तर सांभाळणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की इथे डोळे फक्त क्रमांकापुरते उघडायचे. मी फाईल उघडली. हे आधीच कबूल करतो, कारण पुढचं याहून वाईट आहे.

रंगांचं तुला कधी सांगितलं होतं का? पिवळी फाईल म्हणजे मोडलंय, भाजलंय, फाटलंय ते पूर्ववत करायचं. निळी म्हणजे सगळं धडधाकट आहे, फक्त आणखी छान दिसायचंय. मावशींच्या भाषेत, पिवळी म्हणजे पडलेली भिंत बांधणं आणि निळी म्हणजे उभ्या भिंतीला रंग देणं. निळ्यावाल्यांची मी रोज टिंगल करायचो. आणि त्यांच्यात तू. शस्त्रक्रिया कशाची, तर पापणीची.

मग काय, माझ्यासारख्याला एवढं पुरे झालं. ही कुणासाठी नटतेय? माझ्यासाठी तर नक्कीच नाही. गेलं वर्षभर तू काळा चष्मा लावतेस, ढगाळ दिवशीसुद्धा. कुणाकडे बघतेस ते कळू नये म्हणून असणार. घड्याळांच्या दुकानातलं तुझं दुरुस्तीचं टेबल तू फिरवून घेतलंस, आता तुझं तोंड मालकाच्या भाच्याकडे असतं, त्या टाय लावून घड्याळांना चावी देणाऱ्या शहाण्याकडे. माझ्याशी बोलता बोलता तुझ्या डोळ्याला पाणी येतं आणि विचारलं की म्हणतेस, काही नाही. मी बेरीज केली आणि उत्तर भाचा आलं.

बुधवारी मी दुकानासमोरच्या पायऱ्यांवर दोन तास बसून होतो. भाच्यानं तुला दोनदा काहीतरी आणून दिलं, तू पाठ फिरवून ते डोळ्याला लावलंस. त्याचा रुमाल, असं मी ठरवूनही टाकलं. त्याचं नाक फोडायच्या तयारीनं उठलोच होतो. प्राचार्यांच्या टेबलावर मूठ आपटून कॉलेज सोडलं, त्या दिवशी उठलो होतो अगदी तसाच. तुझी आई म्हणते ते खोटं नाही, कॉलेज अर्धं आणि अक्कल त्याच्याही अर्धी. तेवढ्यात तुझे मामा समोरून आले, ज्यांनी शब्द टाकून मला ही नोकरी लावून दिली. म्हणाले, काय रे, घड्याळ बंद पडलंय की तूच? मी खाली मान घालून निघालो.

काल मावशींनी मला पकडलं. निळा गठ्ठा मी चौथ्यांदा खाली काढत होतो. ओरडतील असं वाटलं, पण त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, चोरून वाचतोसच आहेस तर निदान नीट वाच. सुंदर दिसायचं असेल तर कुणी एकाच डोळ्याची पापणी करून घेतं का रे?

तेव्हा कुठे मला त्या ओळीतला पहिला शब्द दिसला. डावी.

मग खालचं सगळं वाचलं. जुन्या जखमेचा वण आखडल्यामुळे पापणी पूर्ण मिटत नाही. झोपेतही डोळा उघडा राहतो. बुबुळ कोरडं पडतंय, दिवसातून सहा वेळा थेंब घालावे लागतात. म्हणजे भाचा थेंबांची बाटली आणून देत होता. त्या डोळ्यात आता घड्याळ बघायचं भिंग अडकत नाही, म्हणून तू उजव्या डोळ्यानं काम शिकलीस आणि उजेडासाठी टेबल फिरवलंस. हे त्या टायवाल्याला माहीत होतं. मला नव्हतं. समोर बसून मी तुझ्या तोंडाकडे बघायचो, हातांकडे बघायचो, त्या डोळ्याकडे तेवढं बघायचो नाही. का, ते तुला ठाऊक आहे.

फाईलच्या कडेला डॉक्टरांनी पेन्सिलीनं लिहिलंय: ‘ही पिवळ्यात हवी. इजा कशी झाली? साक्षीदार?’ आणि खाली तुझं मुंगीसारखं अक्षर: ‘साक्षीदार नाही.’

जिन्यावरून पडली, असं त्या दिवशी अपघात विभागात मीच सांगितलं होतं. डोळ्यावर पट्टी बांधलेली तू, नुसती मान हलवलीस. स्कूटरचं नाव दोघांनीही काढलं नाही. आपलं भांडण चालू होतं, कशावरून तेही आता आठवत नाही. वळण आलं, तू हळू म्हणालीस, आणि तू हळू म्हणालीस म्हणूनच मी हळू केली नाही. कठड्याचा पत्रा तुला लागला. मला खरचटलंही नाही. नंतर वर्षभर आपण त्यावर चकार शब्द काढला नाही, आणि मी समजत राहिलो की तू माफ केलंस.

आता मला त्या दोन शब्दांचाच संशय येतो. साक्षीदार नाही, हे मला वाचवायला लिहिलंस, की तुझ्या लेखी मी उरलोच नाही म्हणून? मी इथे कामाला आहे हे माहीत असून इथेच अर्ज केलास, तो मी वाचणार नाही या भरवशावर, की वाचावा म्हणून? रात्रभर दोन्ही बाजूंनी भांडलो, दोन्हीकडून हरलो. मावशी म्हणतात, साक्षीदाराच्या सहीशिवाय इथे फाईल पिवळी होत नाही. आणि निळ्यांचा नंबर आठ महिन्यांनी लागतो. तोवर बुबुळाचं काय होईल तेही डॉक्टरांनी लिहिलंय. ते माझ्याच्यानं इथे उतरवत नाही.

हे पत्र एवढ्यासाठी की पुढचं तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. पिवळा अर्ज मी भरलाय. इजा कशी झाली, स्कूटरवरून. चालवणारा कोण, मी. साक्षीदार कोण, मीच. आधी खोटं सांगितलं होतं, हेही लिहिलंय. नोकरी राहणार नाही, मामा दारात उभं करणार नाहीत, आणि पुढे ज्याला जे विचारायचं ते विचारू दे. तू परत माझ्याकडे बघावंस म्हणून हे करत नाही, असं लिहिणार होतो, पण मग आणखी एक खोटं झालं असतं. पत्र मावशी तुझ्या हातात देतील. डॉक्टर एक वाजता तपासणी संपवून उठतात, पावणेएक वाजून गेलाय. अर्ज हातात आहे, दफ्तरखोलीची चावी टेबलावर ठेवलीय. निघालो. दार ओढून घेतो.

तू नको म्हणेपर्यंत तुझाच,
भडकू