अर्ध्या नदीतलं तरस

प्रिय मादियोर,

तुझा निरोप ऐकला. दोनदा ऐकला, कारण पहिल्यांदा वाटलं की तू माझी विचारपूस करायला फोन केलास आणि मी उचलला नाही. मग कळलं, विचारपूस तरसाची आहे. "ताई, तरसाचं पुढे काय झालं तेवढं फोनवर बोलून पाठव ना, दहा मिनिटांचं काम आहे. फिल्मला शेवट जोडायचाय." बोलण्याऐवजी लिहितेय, म्हणजे तुला मधेच बंद करता येणार नाही. बोटं आखडतात हल्ली. अक्षर वाकडं येईल, चालवून घे.

इथलं सगळं ठीक. पुलाचं काम पुन्हा काढलंय, त्यामुळे बेटावर कामाला पोचेपर्यंत माझे गुडघे बोलायला लागतात. म्युझियममध्ये पुढच्या दालनात तीच काचेवरची चित्रं आहेत, आणि सगळ्यात मागे, काळ्या पडद्याआड, आईची खोली. म्हणजे तुझ्या फिल्मची. पाटीवर तुझं नाव आहे, पण इथे सगळे आईची खोलीच म्हणतात. मी दाराशी खुर्ची टाकून बसते. बाहेरच्या फाटकावरचा म्हातारा सेक मला चिडवतो, "रोखाया, तुला पगार बसण्याचा मिळतो आणि तू दमतेस बोलून." खरं आहे त्याचं. मी दमलेय, मादियोर. घरी आल्यावर भात आणि मासा ताटात वाढून घेते आणि खायचं विसरून तशीच बसते.

तू ती फिल्म करून गेलास, तिला बक्षीस मिळालं, चांगलं झालं. पण तू ती दिवसभर कधी पाहिलेली नाहीस. मी रोज पाहते. आई चटईवर बसते, पदर सारखा करते आणि म्हणते, "लेब्बोन." मग थांबते. येणाऱ्या पाहुण्यांना काय ठाऊक की ही गोष्टीच्या सुरुवातीची हाक आहे आणि ऐकणाऱ्यांनी यावर "लेप्पोन" म्हणायचं असतं? ते बाकावर हाताची घडी घालून बसतात, कोणी पाण्याची बाटली उघडतं. आईच्या भुवया वर जातात. ती पुन्हा म्हणते, "लेब्बोन." पहिले काही दिवस मी गप्प राहिले, नोकरीचा मामला. मग एके दिवशी तोंडातून निघूनच गेलं, "लेप्पोन." आपल्या आईने हाक मारावी आणि आपण हातावर हात ठेवून बसावं, ओ देऊ नये, हे मला जमेना. तेव्हापासून प्रत्येक खेपेला देते. ती विचारते, "हे घडलं तेव्हा तू होतास का?" आणि मी म्हणते, "तू सांग, मी ऐकते." फिल्म संपते आणि लगेच पुन्हा सुरू होते. ती पुन्हा पदर सारखा करते.

शाळेची पोरं मात्र खोलीत घुसली की एका सुरात ओरडतात, "लेप्पोन!" त्या दिवशी मला जरा आराम. आईच्या गोष्टीतलं तरस कुणा म्हातारीचा ढोल डोक्यावर घेऊन नदीत उतरतं तेव्हा ती पोटभर हसतात. भुकेल्या तरसाला ढोलाच्या कातड्याचा वास येऊ लागतो, पाणी छातीपर्यंत चढतं, आणि तिथेच आई थांबते, हसते आणि फिल्म संपते. सगळे माझ्याकडे वळतात. "मावशी, पुढे? खाल्लं का त्याने?" मी सांगते, मला नाही माहीत. एका गोऱ्या बाईंनी तर मला समजावलं की असा अर्धवट शेवट करणं ही दिग्दर्शकाची मोठी कलाकुसर आहे. मी मान डोलावली. तिला कसं सांगू की कलाकुसर बिलकुल नव्हती, तुझ्या आवाजवाल्या पोराला उकडत होतं म्हणून त्याने खिडकीवरचं काळं कापड काढलं?

तुला आठवतं ना? गोष्ट दिवसा सांगायची नसते म्हणून आई किती दिवस तयारच नव्हती. शेवटी तिनेच तोड काढली, "रात्र म्हणजे तरी काय, अंधारच ना? तो मी करते." आणि खिडकीवर आपलं काळं लुगडं टांगलं. तरस अर्ध्या नदीत असताना लख्ख ऊन आत आलं आणि ती थांबली. "दिवसा गोष्ट ऐकणाऱ्याची आई मरते म्हणतात," ती तुला म्हणाली, "आणि ऐकणारा तू आहेस. तेव्हा बाबा, माझी सोय बघू दे. दिवेलागणीनंतर बस, उरलेली सांगते." सगळे हसले. तू घड्याळ बघितलंस. डाकारहून तुझं विमान होतं.

तू गेल्यावर तिने चटई आवरू दिली नाही. चहा ठेवायला लावला. अंधार पडल्यावर उरलेली गोष्ट मलाच सांगितली आणि शेवटी, आपल्याकडे गोष्ट संपली की म्हणतात तशी, "गेली समुद्रात" म्हणून सोडून दिली. म्हणजे मला तरसाचं काय झालं ते माहीत आहे. मी तिकडे खोटं बोलते. पाहुण्यांना सांगून टाकलं तर ती संपेल, असं वाटतं. पुढच्या पावसाळ्यात आई गेली आणि तुला कागदपत्रांमुळे येता आलं नाही. त्याचा राग मी कधीच धरला नाही, आजही नाही.

राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. फिल्ममध्ये आई कोणाकडे बघून हाक मारते? पाहुण्यांना वाटतं, आपल्याकडे. ती तुझ्याकडे बघत होती. कॅमेऱ्यामागे तू होतास. तिने "लेब्बोन" म्हटलं आणि तू ओठांवर बोट ठेवलंस, तुझा आवाज फिल्ममध्ये येईल म्हणून. तिने पुन्हा म्हटलं. शेवटी मीच चुलीपाशी बसल्या बसल्या "लेप्पोन" म्हटलं, आणि तो आवाज तू नंतर कापलास. कापलेल्याचं मला काही नाही. पण तिची ती वर गेलेली भुवई मी रोज बघते, आणि ती माझ्या उत्तराने कधीच खाली आली नाही.

आमच्या मोठ्या बाई, मादाम सीला, काल म्हणाल्या की तबास्कीचा सण झाला की त्या खोलीत विणकरांचं प्रदर्शन लागेल. आईचा पडदा निघेल. म्हणून हे पत्र. फोनवर मी शेवट पाठवणार नाही. तू ये. कॅमेरा आणलास तर बाकाखाली ठेव. पडद्यासमोर बस, ती पदर सारखा करेल, तुझ्याकडे बघेल आणि हाक मारेल. तेव्हा ओ दे, मोठ्याने, खोलीत कोणीही असो. दिवेलागणीला घरी चटई टाकते, तरसाचं काय झालं ते सांगते, आणि मग हवं तर साऱ्या जगाला दाखव. तुझ्या वाटणीचं उत्तर मी इतकी वर्षं देत आलेय, मादियोर. शेवटचं तेवढं तुझं तू दे.

वाट पाहणारी तुझीच,
रोखाया