विमान बाबूलालला, माफी नाही

मी, टेकचंद दसाराम कापगते, वय एकसष्ट, पूर्वीचा धंदा चिखल्याच्या मँगनीज खाणीत जमिनीखाली लाकडी टेके लावणे, सध्याचा धंदा धानाची शेती, राहणार मौजा सानगडी, तहसील साकोली, जिल्हा भंडारा, आज हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. मी नशापाणी करत नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. माझी पत्नी कौशल्याबाई स्वयंपाकघरातून सारखी येऊन "काय लिहून राहिले जी एवढं?" असे विचारते, त्याला कायद्यात दडपण म्हणत असतील तर तेवढे वगळून.

लिहिण्याचे कारण असे की येत्या सोमवारी नागपूरच्या दवाखान्यात माझे आंतरगळाचे, म्हणजे हर्नियाचे, ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे काही नाही. खाणीत उतरतानाही आम्हाला वर उभे राहणारे हेच सांगत.

कलम १. राहते घर, भांडीकुंडी, म्हैस आणि बोडीखालचे, म्हणजे छोट्या तळ्याखालचे, धानाचे शेत हे सर्व कौशल्याबाईचे. घराला एरंडेल तेलाचा वास आहे. तो तिने माझ्यामागे चुना मारून घालवला तरी माझी हरकत नाही. जिवंतपणी होती.

कलम २. आसगावला दिलेली माझी मुलगी तुळसा हिला सडकेकडचे शेत. जावई तेजराम यांना माझा शंकरपटाचा छकडा व कासरे. पटात बैलजोडी पळवणाऱ्याला आमच्याकडे धुरकरी म्हणतात, आणि मी या भागातला नावाजलेला धुरकरी होतो, हे मीच लिहिले पाहिजे कारण दुसरे कोणी लिहिणार नाही. जावई मनाने चांगले आहेत. पण ते मोटारसायकल दोन्ही हात सोडून चालवतात आणि वर लोकांकडे पाहून हसतात. म्हणून कलम ३ मधील वस्तूला त्यांनी हात लावू नये. दसऱ्याला लांबून नमस्कार करण्यास मुभा आहे.

कलम ३. रेडिओवर चालणारे विमान, एक नग. हे माझे खरे धन.

चिखल्याचे एक साहेब बदलीवर जाताना एक न उघडलेला खोका मला देऊन गेले. "टेकचंद, तुझा हात लाकडात बसलेला आहे, तूच हे जोड," म्हणाले. जन्मभर मी डोंगर अंगावर येऊ नये म्हणून ओंडके उभे केले, आणि या खोक्यातले लाकूड इतके हलके की मी शिंकलो तर एक फळी अंगणात गेली. सोबत छोटे इंजिन, विमानाच्या पोटात बसवायचा रेडिओ, आणि जमिनीवरून हुकूम सोडायचा कंट्रोलचा डबा. लाकडाचे मी पाहणार होतो. विजेचे पाहायला माणूस पाहिजे होता, म्हणून मी बाबूलाल खेमाजी निखाडे याला बोलावले. बाबूलाल माझा लहानपणचा सोबती. बाजारात त्याचे रेडिओ दुरुस्तीचे आणि लग्नाकार्यात भोंगे लावण्याचे दुकान आहे. असा रेडिओ चालवायला लागणारा दिल्लीचा परवानाही त्यानेच अर्ज करकरून आणला, हे कबूल करतो.

आम्ही दोघांनी ते विमान एका पावसाळ्यात जोडले. पंख चिकटवताना वाकडा वाळला तर विमान जन्मभर वाकडेच उडते, म्हणून तो कौशल्याबाईच्या पापडाच्या पाटावर ठेवून वर तांदळाच्या पिशव्या रचल्या. तो वाळेपर्यंत आम्ही घरात भाताऐवजी भाकरी खाल्ली आणि कौशल्याबाई माझ्याशी बोलली नाही. मग सांगाड्यावर पातळ कागद ताणून बसवला. पंख धडाला खिळ्यांनी नाही, रबराने बांधायचा, म्हणजे आपटले तर पंख सुटून जातो, तुटत नाही. बाबूलालने सायकलच्या ट्यूबच्या चकत्या कापून दिल्या. इंजिनात स्पिरिट आणि एरंडेल तेल जाते. किराणा दुकानात मी एरंडेल इतक्या वेळा मागितले की गावात माझ्या पोटाची चौकशी होऊ लागली.

ते दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. हे बाबूलालला वाचून दाखवू नये.

कलम ४. भांडण. १९८२ च्या सानगडीच्या पटात, बैलांच्या शर्यती आटोपल्यावर, मोकळ्या दानीवर, म्हणजे बैल पळतात त्या पट्टीवर, आम्ही विमान उडवायचे ठरवले होते. गुपचूप. बाबूलालने काय केले? स्वतःच्या भोंग्यावरून पुकारले, "थांबा हो मंडळी, घरी जाऊ नका, सानगडीचं पयलं इमान आता उडून राहिलं!" सगळा पट दानीवर लोटला. एवढ्यावर तो थांबला नाही. दृष्ट लागू नये म्हणून त्याने विमानाच्या शेपटाला लिंबू-मिरची बांधली. बैलाच्या शिंगाला बांधा, नवीन ट्रॅक्टरला बांधा, माझे काही म्हणणे नाही. पण विमानाचा तोल पंखाखाली दोन बोटांवर तोललेला असतो. शेपटाकडे एक लिंबू जास्त झाले की नाक आभाळाकडे जाते आणि विमान हवेतच दम सोडते.

तसेच झाले. विमान सुटले, नाक वर करून लटपटले, तरी मी ते सावरले. तलावावरून फिरवले. लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आले. मग ते वळून आमच्याकडे येऊ लागले आणि मनकर्णाबाई लोगडे हिच्या धानाच्या पुंजन्यात घुसले. पुंजना म्हणजे रचून ठेवलेल्या पिकाची मऊ गंजी, म्हणून विमान थोडक्यात वाचले. त्याच्या हातभर अलीकडे माणसे उभी होती.

"लिंबू कोणी बांधलं बे?" मी विचारले.

"लिंबानं काय होते? तू इमान बैलासारखं हाकलं!" बाबूलाल भोंगा चालू ठेवूनच म्हणाला, आणि ते सगळ्या पटाने ऐकले.

येथे केवळ सर्वसाधारण माहिती म्हणून नमूद करतो की धुरकरी नेहमी बैलांच्या मागे असतो. डावा कासरा ओढला की बैल डावीकडे जातात, त्यात कधी फरक पडत नाही. विमान मात्र आपल्याकडे तोंड करून येत असेल तर त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे असते. अशा वेळी विमान जिकडे चालले तिकडेच आपणही अंग वळवावे आणि मान मागे करून पाहावे, म्हणजे हात चुकत नाही. वरील माहितीचा कोणत्याही घडलेल्या अपघाताशी संबंध जोडू नये. लिंबू त्यानेच बांधले होते.

बाबूलाल त्या दिवशी कंट्रोलचा डबा उचलून घरी गेला. विमान मी उचलले. तेव्हापासून विमान माझ्या माळ्यावर, डबा त्याच्या दुकानात. मी मोडलेले सगळे दुरुस्त केले, नाकावर नवा पंखा बसवला, नवा कागद चढवला. डब्याशिवाय ते उडत नाही, विमानाशिवाय डबा कामाचा नाही, आणि आम्ही एकमेकांच्या दारावरून तोंड फिरवून जातो. ते विमान एकदाच उडाले आणि एकदाही उतरले नाही. ते एकदा नीट उतरलेले पाहावे एवढीच माझी इच्छा उरली आहे. ऑपरेशनची भीती मला याचसाठी वाटते.

मनकर्णाबाईने पुंजन्यातून निघालेला विमानाच्या नाकावरचा मोडका पंखा ठेवून घेतला आहे. "माया धानावर बॉम टाकला," असे ती अजून सांगते. पंखा तिचाच समजावा. ती त्याने चुलीतला विस्तव सारते.

कलम ५. सदर विमान, धड, पंख, शेपूट, इंजिन व उरलेल्या एरंडेलसह, माझ्या मृत्यूनंतर बाबूलाल खेमाजी निखाडे याला द्यावे. याचा अर्थ मी त्याला माफ केले असा कोणी घेऊ नये. त्याच्याशिवाय ते कोणाला उडवता येणार नाही, एवढाच अर्थ आहे. अटी खालीलप्रमाणे, आणि त्याने त्या पाळल्या की नाही हे कौशल्याबाईने जातीने पाहावे.

आधी हातातला डबा सुरू करावा, मगच विमानातला रेडिओ. बंद करताना उलट, आधी विमान, मग डबा. नाहीतर मालक नसलेले विमान कोणाच्याही रेडिओच्या लहरीने शेपूट हलवते. डबा घेऊन लांब चालत जावे व तिथून शेपूट हलते का हे दुसऱ्याने पाहावे. बाबूलालने स्वतःच दोन्हीकडे धावू नये, त्याला दमा आहे. इंजिन सुरू करताना पंखा काडीने फिरवावा, बोटाने नाही. बोटे रेडिओ दुरुस्तीला लागतात. धान उफणताना आपण वाऱ्याकडे पाठ करतो, विमान मात्र वाऱ्याकडे तोंड करूनच सोडावे. माणसांच्या, गुरांच्या आणि मनकर्णाबाईच्या डोक्यावरून नेऊ नये. भोंगा घरी ठेवावा. शेपटाला काहीही बांधू नये. दृष्टच काढायची असेल तर बाबूलालची काढावी.

कलम ६. वरील सर्व मी समजून उमजून लिहिले आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र नाही.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. साक्षीसाठी खुशाल लांजेवार गुरुजी व सरपंच यांना बोलावले होते. सरपंच लाखनीला लग्नाला गेले. गुरुजींनी मला न विचारता बाबूलालला आणले. तो छपरीत उभा राहिला, चष्मा लावला आणि सगळा कागद वाचला. मी भिंतीकडे पाहत होतो.

"हे काय लिहिलं बे?" तो म्हणाला. "तू वर गेल्यावर इमान माह्यं? अन् मी दानीवर डबा धरून उभा राहू, तं हातातून इमान सोडन कोन? तुया फोटो?"

"तुले साक्षीले बोलावलं, बोलाले नाही. सही कर."

"नाही करत."

"काहून?"

"गुरुजी म्हनते, दोन सह्या नसल्या तं कागद कच्चा रायते. राहू दे कच्चा. काम अर्धं ठेवून मरनारा मानूस नाही तू. तुले लहानपनापासून पाहून राहिलो मी."

मग त्याने पिशवीतून कंट्रोलचा डबा काढून माझ्या खाटेवर ठेवला. डबा पुसलेला होता. सेल चार्ज केलेले होते. "कायले केले चार्ज?" मी विचारले. "दर महिन्यात करतो," तो म्हणाला, "खराब होते ना नाही तं." मला भरून आले. हे येथे लिहितो, कारण तोंडाने मी त्याला सांगणार नाही. कौशल्याबाईने न विचारता दोघांसाठी चहा आणला. गुरुजींना विसरली.

लिहून देणार: टेकचंद दसाराम कापगते (सही)

साक्षीदार १: खुशाल लांजेवार, सेवानिवृत्त शिक्षक (सही)

साक्षीदार २: बाबूलाल खेमाजी निखाडे. सही केली नाही. सहीच्या जागी स्वहस्ते लिहिले ते असे: "टेकचंद नागपूरहून वापस आल्यावर, इमान दानीवर नीट उतरल्यावर, तिथंच सही करीन. तोवर त्याले मराची परवानगी नाही."

स्थळ: सानगडी
दिनांक: ५ डिसेंबर १९८५